तळमजल्यावरची खोली

समुद्राजवळच्या त्या भाड्याच्या घराला आजींनी दारातच नाक मुरडले. कुटुंबे आणि कुत्री, दोघांचीही तेथे उत्तम सोय होते, असे जावयाने निघताना कौतुकाने सांगितले होते. आजींच्या मते सोय एकाच पक्षाची होती. दाराशी पंजे पुसायला जुन्या टॉवेलांची टोपली, अंगणात वाळू धुवायला कोमट पाण्याचा नळ, भिंतीवर पट्टे अडकवायला पितळी खुंट्या. माणसाला ओली छत्री ठेवायला मात्र कोपरा नव्हता.

खाली झोपायची खोली एकच होती. ती लेकीने कुत्र्याला दिली.

"अगं आई, बाळ म्हातारं झालंय. त्याला जिना चढवत नाही." त्या लठ्ठ, केस गळणाऱ्या प्राण्याला घरात सगळे 'बाळ' म्हणत.

"आणि मी काय कालच जन्मले?"

"तूच सांगतेस ना, गुडघे ठणठणीत आहेत म्हणून!"

आजींनी आपली पिशवी उचलली. गुडघे केव्हाच कुरकुरू लागले होते. पण ते कबूल करण्याची सोय नव्हती. त्यांचे स्वतःचे घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर होते आणि जावयाचा त्यावर डोळा होता. "ते विका आणि आमच्याकडे मागच्या खोलीत राहा," हे पालुपद तो दर जेवणाला लावी. मागची खोली म्हणजे इस्त्रीचे टेबल, मोडकी सायकल आणि त्यांच्यामध्ये उरेल तेवढी सासू. दुखण्याचा एक शब्द तोंडून गेला, की घर हातचे गेले.

तेव्हा त्या ताठ मानेने जिना चढल्या. बांधणाऱ्यालाही त्यांनी मनातल्या मनात झाडून घेतले: एका पायरीची उंची दुसरीशी जुळत नव्हती आणि कठडा हलत होता. वरचे दार लावून घेतले मात्र, त्या पलंगावर कोसळल्या.

सकाळी उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

"आजी, चल ना! बाळ बाबागाडीत बसून समुद्र बघणार आहे!" नातीने खालून हाक मारली.

"बघू दे. तुम्ही ढकला आणि टाळ्या वाजवा. माझं काही अडत नाही."

फाटकाची कडी वाजली. आवाज दूर गेल्याची खात्री करून आजी वरच्या पायरीवर बसल्या आणि कपडे सावरत, बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकू लागल्या. निम्मा जिना उतरला असेल नसेल, तोच दार उघडून जावई आत आला. बाळाचा पाण्याचा वाडगा राहिला होता.

"आई, हे काय?"

"दिसत नाही? बसलेय."

"जिन्यात?"

"खालच्या सोफ्यावर केसांची गादी अंथरलीय तुमच्या लाडक्यानं. माणसानं बसायचं कुठं?"

जावयाची नजर सुजलेल्या गुडघ्यावर गेली. त्याच्या चेहऱ्यावर आधी समाधान उमटले. काळजी मागाहून आली, उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासारखी ओशाळत. आजींनी दोन्ही पाहिली, आणि क्रमही पाहिला.

"मी म्हणतच होतो," तो मऊ आवाजात म्हणाला. "आता तरी विकू या ना घर?"

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. त्या जिन्याने नको तो निकाल देऊन टाकला होता.

"विकू या," आजी म्हणाल्या. जावयाचा चेहरा उजळला, तो त्यांनी पुरता उजळू दिला. "वरचं विकायचं आणि त्याच पैशात तळमजल्यावरचं घ्यायचं. छोटं चालेल. माझ्या नावावर."

"पण आमच्याकडे खोली आहे की..."

"ती बाळाला द्या. ते उलट बोलत नाही, आणि कुठंही ठेवलं तरी शेपूट हलवतं. तुम्हाला तसंच कुणीतरी हवंय."

"निदान हात तरी देऊ का?"

"बाजूला व्हा, तेवढं पुरे."

तो वाडगा घेऊन भिंतीला चिकटून उभा राहिला. आजी त्याच्यादेखत उरलेल्या पायऱ्या बसूनच उतरू लागल्या. लपवायचे काही राहिले नव्हते. त्यामुळे घाईही नव्हती.