डोनट, आग आणि माझं एक पान

मित्रांनो, मी तीन कड्यांची, निळ्या पुठ्ठ्याची, पाच वर्षं राबलेली फाइल आहे. हसू नका! पेनसिल्व्हेनियातल्या किस्लर कुटुंबात माझ्याहून जास्त मान फक्त बकरीला आहे, आणि ती दूध देते.

जन्मले मी कारखान्यात, पण जगायला लागले ते डोरीन किस्लरच्या जेवणाच्या टेबलावर. डोरीन आपल्या मुलीला, टॅबिथाला, घरीच शिकवते. आमच्याकडे ते चालतं. मात्र वर्षभर काय शिकवलं याची नोंद ठेवायची, जूनमध्ये ती तपासनीस बाईंना दाखवायची आणि त्यांच्या सहीचं पत्र महिना संपायच्या आत शाळाखात्याच्या कचेरीत पोचवायचं. ती नोंद म्हणजे मी!

डोरीनला कचेरीची भयंकर धास्ती. उद्या त्यांनी सगळी फाइलच मागितली तर? त्यामुळे घरात काहीही घडलं की ती ते कुठल्यातरी विषयात बसवायची. मुरंबा केला, रसायनशास्त्र. आजीकडे जाताना रस्ता चुकला, भूगोल. टॅबिथा सफरचंदाच्या झाडावरून पडली, तर गुडघ्याला पट्टी बांधायच्या आधी माझ्यात लिहिलं गेलं: भौतिकशास्त्र, गुरुत्वाकर्षण, पाऊण तास. (पडायला इतका वेळ लागत नाही, पण रडणंही धरलं होतं.) मी फुगत गेले. माझं मधलं कडं मिटेना. तरी माझा रुबाब काय सांगू!

यंदा एकोणतीस जूनला वेंगर्टबाई तपासायला आल्या. निवृत्त शिक्षिका, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांची सही मिळाली नाही तर कचेरीत सुनावणी, आणि मग कदाचित टॅबिथाची रवानगी शाळेत. त्या विचारानेच तिने सकाळी नाश्ता केला नव्हता.

"काय गं, यंदा भौतिकशास्त्र केलंस म्हणे?" बाईंनी विचारलं.

"छे! मी झाडावरून पडले."

डोरीनने टेबलाखालून तिला पाय मारला.

"बरं, तेही चालेल. अग्निसुरक्षा कुठंय? ती दरवर्षी लागते."

"असेल ना, बाई," डोरीन खोकली. "संगीताच्या मागे बघा."

संगीताच्या मागे बकरीचं बाळंतपण होतं.

"डोरीन, पानच नाही तर सही कशी करू? उद्या शेवटचा दिवस आहे."

मित्रांनो, मला ठाऊक होतं पान कुठे गेलंय! पण फायलीला तोंड दिलंय कुणी?

"आई, डोनटचं पान कुठंय?" टॅबिथा म्हणाली.

"तू गप्प बस."

"अगं, मी लिहिलं होतं, तू काढलंस! मला नाही जायचं हं शाळेत!"

डोरीनने लेकीकडे पाहिलं. मग ती उठली आणि पाककृतींच्या पुस्तकात दडवलेलं पान घेऊन आली. लाजेने कानापर्यंत लाल! ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारचं ते पान. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी डोनट तळतात. बाई मोठ्याने वाचू लागल्या:

"आज आईने कढई पेटवली. ती पाणी ओतायला धावली. मी ओरडले, पाणी नको! मी गॅस बंद केला. झाकण ठेवलं. मग आम्ही बाहेर जाऊन टपालपेटीपाशी उभ्या राहिलो. आईच्या पायात एकच चप्पल होती. डोनट बरे झाले होते."

"कचेरीतल्यांनी हे वाचलं तर काय म्हणतील, बाई?" डोरीन पुटपुटली. "शिकवणारीच घर पेटवते!"

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. "अगं वेडे, चारशे पानं चाळली, पण तुझी पोर मला इथेच भेटली," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मला स्वच्छ पुसून, कडेवर घेऊन डोरीन कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईने पत्रावर शिक्का मारला. डोरीनने मला पुढे सरकवलं.

"हे काय? घेऊन जा, बाई. आम्हाला फक्त पत्र लागतं."

इतका अपमान! मला कुणी उघडलंसुद्धा नाही! डोरीन मात्र गाडीत बसून टॅबिथासकट पोट धरून हसत होती.

आता मी फळीवर असते. पाहुणे आले की टॅबिथा मला खाली काढते आणि थेट तेच पान उघडते. रसायनशास्त्र कुणी मागत नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी फाइल असेल. तिला ओल लागू देऊ नका, तिची कडी ओढाताण करून उघडू नका. आणि हात जोडून सांगते, फजितीचं पान तेवढं फाडू नका. बाकीची पानं लोक तपासतात. ते एकच पान दुसऱ्यांदा वाचतात.