आधी पट्टी, मग पाणी

“काका, पुढच्या कार्यक्रमाला मला एकटीला बोलवाल का?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या मालकिणीने हॉटेलच्या मॅनेजरला विचारला, तोही भर मध्यंतरात, हातात सरबताचा ग्लास घेऊन! तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “हिंमत असेल तर विचारून दाखव.” आणि आमच्या मालकिणीला कुणी ‘हिंमत असेल तर’ म्हटलं की संपलंच. मी तेव्हा स्टेजवर एकटा उभा होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, “अगं, आधी इकडे ये!” पण आम्हाला कुणी बोट लावल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

मी एक जुना कीबोर्ड आहे. एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या पोटात वायरी भरल्या, वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या आणि मला खोक्यात कोंबलं. पुढे दुकानाच्या काचेमागे मी कितीतरी दिवस ऐटीत उभा होतो. येणारं-जाणारं प्रत्येक पोर माझ्यासमोरच्या काचेवर एक टपली मारून जायचं. मग मालकिणीच्या काकांनी मला घरी आणलं. त्यांनी मला गावोगावच्या समारंभांत नेलं, खूप टाळ्या मिळवून दिल्या. काकांना दुसरी नोकरी लागली आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. वर जुनी चादर, शेजारी फुटकी बादली. त्या बादलीशी मी काय बोलणार, सांगा!

तिथून मला ओढून काढलं ते या मुलीने. घरात तिला सगळे ‘बडबडी’ म्हणतात. माझ्यावरची धूळ पुसतानासुद्धा तिचं तोंड चालू होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बडबडीच्या आईची एक मैत्रीण आहे, गायिका. बडबडी तिला मावशी म्हणते. हॉटेलांत आणि समारंभांत गाऊन मावशी आपलं घर एकटीने चालवते. तिने बडबडीला साथीला घेतलं आणि नुसतं वाजवायलाच नाही, या धंद्यात वागायलाही शिकवलं. “लोकांच्या आधी पोचायचं. वायर नीट गुंडाळायची, पायात येऊन कुणी पडलं तर गाणं राहील बाजूला. आणि काम मागायला लाजू नकोस, बडबडे. फक्त दुसऱ्याच्या ताटातलं मागू नकोस.”

मावशीचा सगळ्यांत कडक नियम म्हणजे, “मध्यंतर झालं की आधी पट्टी, मग पाणी.”

हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच बिघडलं. गाणाऱ्याचा गळा ज्या उंचीवर सुखाने गातो, ती त्याची पट्टी. गाणं बदललं की पट्टीही बदलू शकते. माझ्या अंगावर एक बटण आहे. ते दाबलं की वाजवणाऱ्याची बोटं जागच्या जागी राहतात आणि सूर वर-खाली सरकतात. बडबडी प्रत्येक गाणं एकाच पट्टीत शिकली होती. बाकीचं काम बटणाचं!

“बोटांना सगळ्या पट्ट्या येऊ देत गं,” मावशी म्हणायची.

“बटण आहे ना मावशी! बोटांना कशाला उगाच त्रास?”

हे ऐकून मी फुशारून जायचो. आता आठवलं की वाटतं, पुन्हा पलंगाखाली जाऊन तोंड लपवावं.

तर त्या दिवशी मध्यंतराआधीचं गाणं तीन पट्ट्या वर होतं. पुढच्या गाण्याला बटण शून्यावर आणायचं होतं. पण बडबडी मॅनेजरकडे गेली होती ना! “बघू, बघू,” म्हणत तो हसला. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. बडबडी उड्या मारत स्टेजवर आली आणि तिने थेट सुरुवात केली.

पहिल्याच सुराला मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पण भरल्या हॉलसमोर थांबलं असतं, तर पोरीची शोभा झाली असती. तिने तसंच गायला घेतलं. खालचे सूर तिने कसेबसे निभावले. गाणं वर चढलं आणि तिचा आवाज चिरला. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा बडबडीची नजर बटणाशेजारच्या माझ्या छोट्या पडद्यावर गेली. तिथे अजून तीनचा आकडा होता. तिचं एक बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. गाणं चालू असताना बटण दाबलं असतं, तर सूर धाडकन कोसळला असता.

मावशीनेच गाणं थांबवलं. माइकवर हसत म्हणाली, “माफ करा हं, आज माझा गळा बसलाय.”

आणि आमची बडबडी? जिचं तोंड झोपेतही बंद नसतं, ती गप्प बसली.

सामान आवरताना मावशीने स्वतः माझं बटण शून्यावर आणलं. वायर गुंडाळून बडबडीच्या हातात दिली आणि म्हणाली, “चल, बडबडे, भूक लागली असेल.” ती रागावली असती तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅनेजरचा फोन आला. बाबांनी घेतला.

“अगं ऐकलंस का! पुढच्या कार्यक्रमाला आपल्या पोरीला एकटीला बोलावलंय! आता दर आठवड्याला हीच!”

“आणि तिची मावशी?” आईने विचारलं.

“त्यांचा गळा गेला म्हणे. बिचाऱ्या! पण त्याला आपण काय करणार?”

मैत्रिणींचे मेसेज टुणटुण येऊ लागले. पैज जिंकली, पार्टी दे! बडबडीने फोन उशीखाली खुपसला, माझ्यासमोर बसली आणि कालचं ते गाणं वाजवायला लागली. बटणाला हात न लावता, वेगळ्या पट्टीत. बोटं अडखळली, चुकली, पुन्हा चुकली. माझ्या पट्टीवर टपकन एक थेंब पडला.

मित्रांनो, तुम्ही माझी धूळ पुसा, माझ्यावर चादर घाला, चहाचा कप माझ्यावर ठेवू नका. पण माझ्यावर फार विसंबू नका. माझ्या अंगावर सूर सरकवायचं बटण आहे, चूक कुणाची ते सांगायचं बटण नाही. ते काम तुमचं.

बडबडी उठली. नाक पुसलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी इकडून सगळं ऐकत होतो.

“आई, बाबा, मावशीचा गळा ठणठणीत आहे. चूक मी केली आणि वर गप्प बसले. मी आता त्या मॅनेजरकाकांना फोन करून हे सांगणार आहे. मग मावशीच्या घरी जाऊन तिलाही सांगणार आहे, तिला माहीत असलं तरी. मला ते काम नकोय. ते मावशीचं आहे.”