आत बोलावेपर्यंत

पक्षाच्या अध्यक्षांचं नाव निघालं की मामांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. लागोपाठ तीन निवडणुकांत पक्ष तोंडावर पडला होता, आणि तिन्ही वेळा अध्यक्षांनी कार्यकर्त्यांच्या मेहनतीचं तोंडभर कौतुक करून खुर्ची तेवढी आणखी घट्ट धरली होती. शाखेतून फोन केला तर त्यांचा सचिव घ्यायचा, सचिव नसला तर सचिवाचा मदतनीस घ्यायचा, आणि तोही नसला तर फोन वाजून वाजून गप्प व्हायचा.

"हा माणूस गादीवर बसला तेव्हा माझे केस काळे होते," मामा म्हणायचे.

"तेव्हा तुम्हाला केस होते, एवढंच म्हणा," मामी म्हणायच्या.

मामा म्हणजे शाखाप्रमुख. त्यांचं काचांचं दुकान होतं. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवून द्यायचे, आरसे कापून द्यायचे. तसे खरे मामा ते एकीचेच. बहीण कारखान्यात पाळीवर जायची, तेव्हा तिची मुलगी शाळा सुटली की शाखेच्या कार्यालयात येऊन टेबलाखाली बसायची, आणि वर बैठक रंगात आली की खालून "मामा, भूक" अशी हाक यायची. तेव्हापासून अख्खी शाखाच त्यांना मामा म्हणू लागली. ती भाची आता शहरातली बस चालवत होती. टेबलाखालून निघून टेबलाशी बसायला लागली होती, आणि बैठकीत तिच्याइतकं मुद्द्याचं कुणी बोलत नाही, हे मामाच कौतुकाने चारचौघांत सांगत असत.

म्हणूनच अधिवेशनात मांडायचा ठराव लिहायला त्यांनी तिला बसवलं. अध्यक्षपदावर कुणी दोन खेपांपेक्षा जास्त राहू नये, एवढीच साधी गोष्ट. 'पद म्हणजे कुणाच्या बापजाद्यांची जमीन नव्हे' हेही वाक्य घाल म्हणून मामा हटून बसले होते. भाचीने हो हो म्हणत ते गाळलं आणि उरलेलं वाचून दाखवलं.

"'पक्षातील कोणत्याही पदावर कोणतीही व्यक्ती दोन खेपांपेक्षा अधिक काळ राहणार नाही.'"

"कोणत्याही नव्हे गं. अध्यक्षपदावर."

"का?"

"का म्हणजे? दुखणं तिथे आहे."

भाचीने पेनाला टोपण लावलं. "मामा, तुमची ही कितवी खेप?"

मामा बोटांवर मोजायला लागले. दुसऱ्या हातावर जायची वेळ आली तसे थांबले.

"शाखेचं वेगळं असतं," ते म्हणाले. "इथे पद कसलं, हमाली आहे. खुर्च्या मांडा, खुर्च्या उचला, दिवे गेले तर फ्यूज बघा. कुणी घेतंय का बघ हे काम. आजच्या आज देतो."

"अध्यक्षही घरी बायकोला हेच सांगत असतील."

झालं. मामांचा पारा असा चढला की ते टोपी विसरून घरी गेले. घरी गेल्यावर मामींनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, पोरगी फार शिकली. मामी म्हणाल्या, तुम्हीच शिकवलीत. पुढे दोन-तीन दिवस कापताना काचांचे कोपरे तुटत राहिले आणि गिऱ्हाइकांशी उगाच खटके उडाले.

पण माणूस मुळात खोटा नव्हता. एका सकाळी मामा बसथांब्यावर जाऊन उभे राहिले, भाचीची बस आली तसे चढले आणि तिच्या मागच्याच आसनावर बसले. तिसरा थांबा गेल्यावर म्हणाले, "राहू दे ते 'कोणत्याही'."

भाचीचे डोळे रस्त्यावर होते. "मग रविवारी एक करा. तुम्हाला बोलावतील, तेव्हा आत येऊन बसू नका. दारातूनच सांगा, या वेळी दुसरं कुणी बघा."

"सांगतो."

"नक्की?"

"शब्द दिला. आता पुढे बघून चालव."

ती आरशात हसली. मामांना फार हलकं वाटलं. उतरायचा थांबा मागे गेला तरी ते बसून राहिले.

रविवारी शाखाप्रमुखाची निवड होती, आणि शाखेत तिची एक रीत होती. तोंडावर कुणाला नको म्हणता येत नाही, म्हणून निवडीच्या वेळी प्रमुखाने उठून बाहेर जायचं, दार लावून घ्यायचं आणि पायऱ्यांवर बसायचं. आत मंडळींनी मोकळेपणी काय ते ठरवायचं. ठरलं की दार उघडून त्याला आत बोलवायचं. मामांच्या आधीच्या प्रमुखांनी ही रीत घालून दिली होती, आणि एका वर्षी त्यांना आत न बोलावता मंडळींनी मामांची निवड केली होती. तेव्हापासून दर खेपेला मामा बाहेर जात, शेजारचा सलूनवाला त्यांना चहा आणून देई, आणि चहा निवायच्या आत पोस्टमन दार उघडून म्हणे, "या, मामा." मामा आत शिरले की टाळ्या. आत नेमकं काय बोलणं होतं, हे मामांनी कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही असेल असं त्यांना वाटलंही नव्हतं.

त्या रविवारी उठताना त्यांनी खिशातून कार्यालयाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" पोस्टमनने विचारलं. तो मामांचा जुना दोस्त. मामा बाहेर गेले की बैठक तोच चालवायचा.

"असू दे तिथेच," मामा म्हणाले, आणि भाचीकडे एकदा बघून बाहेर पडले.

पायऱ्यांवर कोवळं ऊन आलं होतं. सलूनवाल्याने चहा आणून दिला, दोन गोष्टी बोलला, आणि गिऱ्हाईक आलं तसा आत गेला. मामा दारात म्हणायचं वाक्य मनात घोळवू लागले. 'मंडळी, तुमचं प्रेम आहे, पण आता दुसऱ्या कुणाला संधी द्या.' चांगलं होतं. 'संधी द्या'च्या आधी थोडं थांबलं तर आणखी चांगलं होणार होतं. लोक गहिवरतील. पोस्टमन नको नको म्हणेल. भाची तर रडेलच. मग अधिवेशनात ठराव मांडताना छाती पुढे काढून सांगता येईल, आधी मी सोडलं, आता तुम्ही सोडा. अध्यक्षांचं तोंड कसं होईल, हेही मामांनी बघून घेतलं. मनातले हे मांडे खाता खाता चहा संपला.

दार उघडलं नव्हतं.

मामांनी पेला पायरीवर ठेवला. वेळ लागतोय हे चांगलंच आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. चर्चा व्हायलाच हवी. आपल्याला हवं होतं तेच होतंय. आणि हे सांगत असताना त्यांनी रिकामा पेला उचलून पुन्हा तोंडाला लावला.

कार्यालयाच्या दाराला दुधी काच होती. मामांनीच ती बसवली होती, निवडून आल्या आल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने बैठकीत डोकावू नये म्हणून. ती काच काय दाखवते आणि काय नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण बाहेरच्या बाजूने इतका वेळ तिच्याकडे बघायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. आत नुसत्या सावल्या हलत होत्या. एक उभी राहिली. एकीने हात वर केला. तो कुणाचा, कशासाठी, काही समजेना. मग कुणीतरी हसलं.

त्या हसण्याने मामा उठले. दाराला कान लावायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभे राहिले, आणि तिथून सगळं ऐकू येत होतं.

"केलं त्यांनी पुष्कळ, नाही कोण म्हणतंय?" हा आवाज बेकरीवाल्याचा. त्याच्या दुकानाची दर्शनी काच फुटली होती, तेव्हा मामांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवून दिली होती. "पण आपल्या शाखेत नवीन माणूस टिकत नाही, ते का? येतो, दोन महिने खुर्च्या उचलतो आणि जातो."

"खुर्च्याही धड उचलू देत नाहीत," पोस्टमन म्हणाला. "म्हणतात, तुला जमायचं नाही, दे इकडे."

पुन्हा हसले सगळे. प्रेमाने हसले, हे मामांना पुढे कितीतरी दिवसांनी कळणार होतं.

"मग पोरीचं नाव धरायचं ना?" बेकरीवाला म्हणाला.

"माझी ना नाही. पण त्यांना सांगायचं कोणी?" पोस्टमन म्हणाला.

यावर भाची काहीतरी बोलली, पण हळू आवाजात. मामांना शब्द लागेनात. नेमकं तिचंच बोलणं ऐकू येईना, याचा त्यांना भयंकर राग आला. एवढी वर्षं. ऊन म्हटलं नाही, आजारपण म्हटलं नाही. आणि 'सांगायचं कोणी', म्हणजे जणू घरातला कुणी गेल्याची बातमी.

आत जाऊन आपणच सांगून टाकावं, असं मामांनी ठरवलं. मंडळी, अवघडू नका, मीच बाजूला होतोय. त्यांचं काम सोपं होईल. हे त्यांनी खरोखरच ठरवलं होतं. यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण बोलावल्याशिवाय आत जायचं नाही ही रीत होती, आणि मामांनी दार ढकललं.

सगळे वळले. पोस्टमनचं तोंड अर्धं उघडं राहिलं. भाची टेबलाशी उभी होती. किल्ली ठेवली होती तिथेच होती. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात बघताना सापडल्यासारखे सगळ्यांचे चेहरे झाले, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी टाळी वाजवली.

त्या टाळीत लबाडी नव्हती. निवडीच्या दिवशी ते दार उघडायचं, मामा आत यायचे, टाळ्या वाजायच्या. हातांना एवढंच माहीत होतं. एकाच्या पाठोपाठ दुसऱ्याने वाजवली, मग सगळ्यांनीच. बेकरीवाल्याने तर सगळ्यांत जोरात.

मामांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. बैठक गप्प कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नुसता हात वर केला की भरलेलं सभागृह शांत व्हायचं. तो हात त्यांनी वर केला नाही. टाळ्या वाजत राहिल्या, आणि मामांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"म्हणजे... एकमताने," पोस्टमन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं लपत नव्हतं.

भाचीने टेबलावरची किल्ली उचलली आणि मामांच्या हातात दिली. "घ्या, मामा."

तिच्या आवाजात राग असता तर मामांना बोलायला काही सुचलं असतं.

मंडळी लगबगीने पांगली. एरवी तासभर गप्पा चालायच्या. त्या दिवशी ज्याला त्याला घरी काम निघालं. भाची अंगात कोट घालत होती, तेव्हा मामा तिच्याजवळ गेले.

"मी तेच सांगायला येत होतो गं."

"हो."

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला बोलू कुठे दिलंत?"

"मी नाही वाजवल्या," भाची म्हणाली. तिने कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली. "ठराव टेबलावर आहे. अधिवेशनात तुम्हीच वाचा. मला पाळीवर जायचंय."

ती गेल्यावर मामा एकेक खुर्ची उचलून भिंतीशी लावू लागले. अर्ध्या खुर्च्या झाल्या असतील, तेव्हा फोन वाजला. निकाल मुख्यालयाला कळवायचं काम पोस्टमनचं. त्याने ते घरी पोचताच उरकलेलं दिसत होतं.

"अभिनंदन," पलीकडून आवाज आला. सचिव नव्हता, मदतनीसही नव्हता. स्वतः अध्यक्ष होते. "पुन्हा एकमताने? वा. बरं वाटलं ऐकून."

"आभारी आहे," मामा म्हणाले.

"लोक सोडत नाहीत हो आपल्याला. आपण कितीही म्हणा."

"हो ना," मामा म्हणून गेले.

"नवीन पोरं हुशार असतात, नाही असं नाही. पण जबाबदारी घ्यायची वेळ आली की आहे कोण?" अध्यक्ष जरा थांबले. "तुमच्याकडून तो दोन खेपांचा ठराव येतोय म्हणे."

मामांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. "तसं... बोलणं चाललं होतं."

"आणा की. तुम्ही स्वतः मांडा, मीच पाठिंबा देतो. दोघं एकदमच घरी जाऊ." आणि अध्यक्ष मनापासून हसले. त्यांचं हसणं मोकळं होतं, जुन्या दोस्तासारखं.

रिकाम्या कार्यालयात आणखी एक हसणं ऐकू आलं. ते आपलंच आहे हे ध्यानात यायला मामांना क्षणभर वेळ लागला. त्यांनी फोन ठेवला.

उरलेल्या खुर्च्या तशाच टाकून ते बाहेर आले, दार लावून घेतलं आणि पायऱ्यांवर बसले. चहाचा रिकामा पेला तिथेच होता. रस्त्यावरून एक बस गेली. भाची चालवत होती की दुसरं कुणी, हे त्यांना दिसलं नाही, कारण त्यांनी मान वर केली नाही.

सलूनवाला गिऱ्हाईक आटोपून कापड झटकायला बाहेर आला. मामांना बघून त्याचा हात थांबला.

"अहो मामा, अजून बोलावलं नाही?"

मामांनी मागे वळून दुधी काचेकडे पाहिलं. आत कुणीच नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "या वेळी नाही बोलावलं."