खालच्या पट्टीतले मीठ

मित्रांनो, मी एक जुने मिठाचे मडके आहे. माझ्या पोटावरून बोट फिरवलेत, तर पांढरी पूड लागेल. आतले मीठ मातीतून पाझरते आणि बाहेर फुटते, त्यात नवल नाही. पण याच पुडीने एका घराला असा धक्का दिला की तो मी आजही विसरलेले नाही.

कुंभाराने मला भाजले, निपाणीच्या बाजारात आणले आणि बोरगावच्या तानुबाईने मला चुलीशेजारी बसवले. बाई फार देवभोळी. हात धुतल्याशिवाय माझ्यात हात घालायची नाही. "लक्ष्मी हाय ती," म्हणायची.

पुढे इंजिनाने नदीचे पाणी वर आले आणि तिच्या मालकांनी, सत्याप्पांनी, वरच्या रानात ऊस लावला. १९८०च्या सुमारास उसाच्या खाली, उताराला असलेल्या पट्टीतला हरभरा पिवळा पडून करपू लागला. मातीवर पांढरा थर आला. सत्याप्पांनी आणखी पाणी सोडले, थर आणखी वाढला.

"कुणाची तरी नजर लागलीया," बाई म्हणाली आणि तिने सोमवारचे अळणी व्रत धरले. स्वतःच्या जेवणातले वाचलेले मीठ ती माझ्यातून मुठीने घेई, बांधावर उभी राहून रानावरून ओवाळी आणि चारी कोपऱ्यांत टाकी. आपण देवाच्या कामी येतो आहोत, असे मला वाटे.

हरभरा पुन्हा गेला. सत्याप्पा वैतागले. "वीटभट्टीवाला मष्णू माती मागतोय. देऊन टाकतो."

"आन् मग पेरायचं कशात? खड्ड्यात?" बाईचा एवढा चढा आवाज मी प्रथमच ऐकला. "ह्यो एक हंगाम बघा. न्हाईच आलं, तर द्या."

नागपंचमीला तिची नणंद गंगव्वा माहेरी आली. मला पुसताना तिच्या बोटाला पूड लागली.

"वहिनी, तुमच्या पट्टीवर असलंच पांढरं हाय की गं!"

"मग चाखून ये जा," बाई हसली.

गंगव्वा खरेच रानात गेली आणि थुंकत थुंकत परतली. "मीठ हाय, मीठ! आन् तू वरनं मीठच टाकतीस व्हय?"

तानुबाई रडू लागली. "तहानलेल्याच्या तोंडात मीठ घातलं गं मी..."

कृष्णात नावाचे ग्रामसेवक घरी आले तेव्हा कुठे तिचे रडे थांबले. मूठभर मिठाने रान मरत नाही, असे ते म्हणाले. उसाचे पाणी खाली मुरून साचले होते आणि जमिनीच्या पोटातले मीठ वर आणत होते. त्यांनी पट्टीच्या खालच्या अंगाला खोल चर काढायला लावला. पावसाने बरेच मीठ धुऊन चरात नेले. मग पेरणीचे सांगितले. बी रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवायचे, मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून त्याला चोळायचे. पेरायचे सरीच्या कुशीला, म्हणजे वरंब्याच्या उतारावर, कारण मीठ वरंब्याच्या माथ्यावर चढून बसते.

बी भिजवायच्या संध्याकाळी सत्याप्पांनी घाईने मलाच रिकामे केले, पाणी भरले आणि बियांचे सूप माझ्यावर कलते केले. इतक्या वर्षांचे मीठ माझ्या मातीत मुरलेले! मला ओरडता येईना.

"अवं, थांबा! मिठाचं मडकं हाय त्ये!" बाईने सूप हिसकावले.

"केवढ्यानं वरडतीस," सत्याप्पा पुटपुटले, पण दुसरे भांडे त्यांनीच शोधून आणले. बी पितळी पातेल्यात भिजले.

माघात मष्णू दारात आला. अर्धी पट्टी हरभऱ्याच्या घाट्यांनी लगडली होती, खालचा कोपरा मात्र पांढराच राहिला होता.

"त्यो कोपरा तरी द्या, आण्णा."

सत्याप्पांनी बाईकडे पाहिले. तिच्या हातात रानातून उपटून आणलेले एक रोप होते, मुळावर बारीक गाठी धरलेल्या. तिने ते मष्णूपुढे धरले.

"न्हाय," सत्याप्पा म्हणाले. "त्योबी पेरायचा हाय."

मित्रांनो, आता घरात प्लास्टिकचा डबा आला आहे आणि मी परसात पडून आहे. माझे काही नाही, माझ्यासारखी मडकी पुष्कळ घडतील. पण रानाची माती एकदा गेली की पुन्हा घडत नाही. तिला हवे तेवढेच पाणी द्या, साचलेले बाहेर जायला वाट ठेवा, आणि ती पांढरी पडली तर टाकून देण्याआधी तिला काय झाले आहे ते विचारा.