वाऱ्याचा डोळा

शिवण सुष्माची आणि पडदे लावणं विश्वजीतचं, ही त्या नवराबायकोच्या दुकानाची लग्नापासूनची रीत. पण विजयनगर भागातल्या जयवंतीबाई गिऱ्हाईक झाल्यापासून तासाभराच्या कामाला विश्वजीत अर्धा दिवस लावू लागला. बाई पुण्याहून आलेल्या. घरातल्या इंग्रजी शब्दांचं मूळ शोधायचा त्यांना नाद.

एकदा मशीनवर बसल्या बसल्या सुष्माच्या कानावर आलं. पँटची चेन बदलायला आलेल्या भुजंगरावांना विश्वजीत रंगून सांगत होता, "विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा शब्द, इंग्रजांनी उचलला. आता कॉम्प्युटरवरसुद्धा विंडोच."

अठरा वर्षांत हा माणूस तिच्याशी मापं, अस्तर आणि जेवण सोडून चार वाक्यं सलग बोलला नव्हता. हे कुणाकडून आलं ते तिला सांगायला नको होतं. त्या दुपारी जयवंतीबाईंचं निळं कापड पुढ्यात आलं. खडूची रेघ बरोबर होती. सुष्मानं कात्री वीतभर आतून चालवली.

पडदे लावायला गेलेला विश्वजीत, ते आखूड पडले म्हणून, तसेच घेऊन आला. माप माझंच चुकलं असं त्यानं बाईंना सांगितलं होतं. पडदे परत तिच्यापुढे ठेवत तो म्हणाला, "तुझी कात्री कधी चुकत नाही. काय झालं?"

"तो वाऱ्याचा डोळा मला का नाही सांगितलात?"

हातातली टेप गुंडाळत तो म्हणाला, "तुला त्यात गोडी असेल असं वाटलंच नाही."

चिडून बोलला असता तर तिला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खाली पट्टी जोडून पडदे घेऊन ती स्वतःच गेली. नटूनथटून बसलेली कुणी बाई तिनं मनात धरली होती. दार उघडलं ते विटक्या गाऊनमधल्या, थकल्या डोळ्यांच्या बाईनं. स्टुलावर चढून हुक अडकवता अडकवता सुष्मा म्हणाली, "यांचं माप बरोबर होतं. मी मुद्दाम आखूड कापले. हे तुमच्याकडे बोलतात, घरी बोलत नाहीत."

जयवंतीबाई खुर्चीत बसल्या. नवरा गावाबाहेर बेळगोळच्या कारखान्यात सकाळी सातला जातो, आल्यावर फोनमध्ये डोकं घालतो. कुणी ऐकणारं भेटलं म्हणून मी बोलत गेले, पुढचा विचार केला नाही, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. शेवटचा हुक अडकवून सुष्मा स्टुलावरून उतरली. मग तीच म्हणाली, "सुम्ने, सहज विचारते हं, विंडो यायच्या आधी इंग्रज खिडकीला काय म्हणायचे?"

"डोळ्याचं भोक."

सुष्माला हसू फुटलं, मग बाईंनाही.

आता विजयनगरला सुष्माच जाते. विश्वजीत दुकानात पडद्यांच्या चुण्यांना इस्त्री करत बसतो आणि संध्याकाळी, आज कुठला शब्द निघाला, म्हणून विचारतो. ती सांगते, पण थोडं राखून. बाई तिला जास्त सांगतात असा त्याला संशय आहे, आणि तो दूर करायची तिला अजून घाई नाही.