पावती येईपर्यंत

लोणावळ्यात चिक्कीची दुकानं उदंड, पण रज्जाकभाईंच्या दुकानात चिक्की विकत घेण्याआधी खावी लागे. नको म्हणायची सोयच नव्हती. गिऱ्हाईक पायरी चढलं रे चढलं की ताटलीतला एक तुकडा त्याच्या हातावर पडायचा आणि पाठोपाठ प्रश्न यायचा, "कुटनं आलात?" माणूस भांडुपचा असो की भुसावळचा, तिथं रज्जाकभाईंच्या ओळखीचं कुणी ना कुणी निघायचंच. नाही निघालं, तर ते ओढूनताणून काढायचे.

हे सगळं छान होतं, फक्त शनिवार-रविवारी नव्हतं. भुशी धरणावरून परतणारी गर्दी थेट रस्त्यापर्यंत यायची. दुकानातला मदतनीस बजरंग एका हातानं पुडे भरायचा, दुसऱ्या हातानं बिलं लिहायचा, आणि मागचे लोक कंटाळून शेजारच्या दुकानात शिरायचे. तळेगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून वडिलांच्या धंद्यात उतरलेल्या सानियाला ते बघवेना. तिनं ठरवलं, मशीन लावायचं. पडद्यावर बोट लावून चिक्की निवडा, मोबाईलवरून पैसे द्या, खालच्या फटीतून पावती घ्या आणि टोकाच्या खिडकीत बजरंगकडून पुडा घेऊन चालू पडा.

रज्जाकभाईंनी त्या मशीनचं नाव 'कपाट' ठेवलं आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कपाटाचा सांगाडा गौरव फॅब्रिकेटरनं बनवून दिला. पोटात बसवायचा प्रिंटर तेवढा ठरायचा होता. अतुल नावाच्या विक्रेत्यानं दोन नमुने पाठवले होते आणि सानिया ते स्थळं बघावीत तसे पारखत होती. लोणावळ्याच्या दमट हवेत पापड टिकत नाही तिथं कागद काय टिकणार, म्हणून तिनं कागदाची रिळं मुद्दाम मोरीपाशी ठेवून बघितली. पर्यटक ओढतात तशा पावत्या ओढून बघितल्या. दोघंही पास झाले. फरक होता तो वेगात. एक प्रिंटर, गिऱ्हाईक पडद्यावरून बोट उचलतंय तोवर, पावती बाहेर फेकायचा. दुसरा पावती पोटातच धरायचा, कुर्रकुर्र करत सावकाश छापायचा, कापायचा, आणि मग एकदाची बाहेर ढकलायचा. पहिला लहान तोंडाचा, दुसरा मोठ्या. फट कापायला गौरव सोमवारी येणार होता.

"नीट ठरव ताई," त्यानं बजावलं होतं. "एकदा कापलं की कापलं. पत्रा आहे, केक नाही."

तिचं तसं ठरलंच होतं. शनिवारी तिनं झटपट प्रिंटर तात्पुरता कपाटाच्या माथ्यावरच ठेवून लावला आणि दुकान अक्षरशः पळायला लागलं. बोट, मोबाईल, पावती, पुडा, पुढचा! रांग रस्त्यावर जायच्या आधीच विरून जायची. सानिया खूश, बजरंग तर इतका खूश की शीळ घालायला लागला.

रज्जाकभाई ताटली घेऊन कपाटाशेजारी उभे होते. तुकडा पुढे करून ते "कुटनं..." म्हणेपर्यंत माणूस पावती घेऊन खिडकीपाशी पोचलेला असायचा. एकानं तर त्यांना "काका, जरा बाजूला" म्हटलं. दुपारनंतर ते आत जाऊन गुळाच्या ढेपांशेजारी बसले. ताटली भरलेलीच होती.

"बरं चाललंय की," ते म्हणाले. "उद्यापास्नं मी न्हाई येत. हितं माझं काय काम?"

ते चिडले असते तर तिनं भांडून घेतलं असतं. पण ते अगदी शांतपणे बोलले. अब्बांचा भार हलका करायचा म्हणून आणलेल्या मशीननं अब्बांनाच हलवलं होतं. दुकान तिला हवं होतं, पण अब्बांसकट हवं होतं. त्यांच्याविना ते चार भिंती आणि शेंगदाणे, एवढंच उरलं असतं.

रविवारी ते खरंच आले नाहीत. सानियानं जड मनानं दुसरा प्रिंटर लावला. कारण काही थोर नव्हतं, त्याची पाळी होती म्हणून. आणि वैतागली. कुर्रकुर्र चालू झालं की गिऱ्हाईक प्रिंटरच्या तोंडाकडे मांजरानं उंदराच्या बिळाकडे बघावं तसं टक लावून उभं राहायचं. बोलणं नाही, हलणं नाही, हात रिकामे.

दुपारी रज्जाकभाई डबा घेऊन आले. नुसरतनं, म्हणजे सानियाच्या आईनं, त्यांना मुद्दाम पिटाळलं होतं. डबा ठेवून परत फिरताना त्यांची नजर कपाटापुढच्या माणसावर गेली. रिकाम्या हातांचं गिऱ्हाईक! जन्माची सवय कुठं जाते? त्यांनी ताटलीतला तुकडा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"कुटनं आलात?"

"नाशिक."

"नाशकात कुटं? आमचा साडू हाय तितं, पंचवटीत!"

पावती बाहेर आली तेव्हा माणूस चघळत होता. "ही कुठली?" त्यानं विचारलं. "तिळाची? मी शेंगदाण्याची घेतली की हो!" तो पुन्हा पडद्याकडे वळला. पुन्हा कुर्रकुर्र, पुन्हा रिकामा हात, पुन्हा तुकडा. मागची रांग कालच्यापेक्षा थोडी लांब झाली, पण कुरकुर कुणी केली नाही. रज्जाकभाई ताटली घेऊन रांगेतही फिरून आले होते, आणि तोंडात चिक्की असताना कुणाला भांडता येत नाही.

संध्याकाळी बजरंगला तिसऱ्यांदा ताटली भरावी लागली. सानिया खिडकीआडून अब्बांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं. तिनं अतुलला फोन लावला.

"मॅडम, फास्टवालाच फायनल ना?"

"नाही. हळूवाला."

"हळूवाला? का?"

"आमच्याकडे चिक्की चावायला वेळ लागतो."

त्याला काही कळलं नाही, पण विक्रेता पक्का होता. "काळजी नको, मॅडम. सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्पीड थोडा वाढवता येतो."

"मग कमीही करता येत असेल ना?"

"येतो की," अतुल म्हणाला. "पण आजवर कुणी विचारलं नव्हतं."

सोमवारी सकाळी गौरवनं मोठी फट कापली. सानिया घरी चहा पिऊन निघायच्या बेतात असताना तिला काम उरकल्याचा त्याचा फोन आला. ती ओढणी शोधत होती, तर दारात रज्जाकभाई चपला घालून केव्हाचे उभे होते.

"चल की लवकर," ते खेकसले. "कपाट एकटंच हाय तितं."