तिसऱ्या प्लेटचं वळण

"एसाऊकाका, गाडी उभी आहे हां," सुपाचं भांडं त्यांच्या हातात देताना मी म्हटलं.

"लेटी, म्हातारा झालोय, आंधळा नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हातमोजे ताणून घेतले.

गाडी शहामृगांनी अडवली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या औटेनिक्वाच्या डोंगराला लागायच्या आधीच, कुणाच्या तरी कुंपणातून सुटलेली तीस-चाळीस शहामृगं रुळांवर ठाण मांडून बसली होती. ड्रायव्हरने शिट्टी दिली की माना वर करून बघत आणि पुन्हा खाली घालत. मालकाला निरोप गेला होता. पण आमच्या गाडीत साडेबाराला सूप म्हणजे साडेबाराला सूप. त्यासाठीच तर पाहुणे एवढे पैसे मोजतात.

एसाऊ हार्टनिक या गाडीवर एकतीस वर्षं वाढपी. मी भांडीघरात, एकोणीस वर्षं. डोंगरात गाडी अशी वळते, की नवखे पाहुणे टेबल घट्ट धरून बसतात. काकांच्या हातून मात्र कधी थेंब सांडला नाही. त्यांचा हिशेब प्लेटांचा. पहिल्या प्लेटला पूल, दुसरीला बोगदा, तिसरीला उजवं वळण: गुडघा मोडायचा आणि कमरेतून उजवीकडे झुकायचं. खिडकीबाहेर बघून वाढतो तो शिकाऊ, असं ते म्हणत.

पण नवे मॅनेजर लुयांडा साहेब आले होते ते मोठ्या हॉटेलातून, जिथली जमीन हलत नाही. साठी उलटलेल्या वाढप्यांना खाली उतरवून स्टेशनच्या धोबीखान्यात बसवायचं, असा त्यांचा बेत. काका त्रेसष्ट वर्षांचे. "आधी तुमचं वाढणं बघतो, मग ठरवतो," असं सांगून साहेब आज स्वतः पाहुण्यांबरोबर टेबलाला बसले होते.

"धोबीखान्यात मी काय करू गं?" काका सकाळी म्हणाले होते. "घरी ड्रीना मला चादरीची घडीसुद्धा घालू देत नाही. बोळा करतोस म्हणते." बायकोचं हे बोलणं हसत सांगितलं, पण त्यांची न्याहारी तशीच राहिली होती. ही गाडी हातची गेली तर या माणसाचं काय होईल, हेच सकाळपासून माझ्या डोक्यात होतं.

मी दारात उभी राहून बघत होते. पहिली प्लेट एका जर्मन आजीबाईंची. छान. दुसरी त्यांच्या यजमानांची. छान. तिसरी साहेबांची. काका नेहमीसारखं प्रार्थनेतलं गाणं ओठांत गुणगुणत होते. त्यांनी पळी भरून उचलली, आणि ढिम्म उभ्या असलेल्या गाडीत काकांचा गुडघा मोडला. तो उंच माणूस कमरेतून असा झोकात उजवीकडे झुकला, आणि पळीभर भोपळ्याचं सूप साहेबांच्या पांढऱ्या पँटवर गेलं.

साहेब ताडकन उठले.

"गाडीला धक्का बसला," आजीबाई ठामपणे म्हणाल्या.

"मलाही जाणवला," यजमानांनी दुजोरा दिला.

"इंजिन हललं असणार, साहेब," मी दारातून रेटून दिलं. "शहामृगं उठली वाटतं." खिडकीतून एक शहामृग दिसत होतं. ते बसलेलंच होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. रुमालाने पँट टिपत त्यांनी विचारलं, "काय हो काका, धक्का बसला का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

काकांनी भांडं खाली ठेवलं. "नाही साहेब. गाडी उभी होती. वळण मीच घेतलं."

"म्हणजे?"

"या वेळेला, तिसऱ्या प्लेटला उजवं वळण असतं. डोक्याला कळलं होतं गाडी उभी आहे. गुडघ्याला नाही कळलं. चूक माझी, तिची नाही."

साहेबांनी रुमाल खिशात कोंबला. "मग सोमवारपासून धोबीखान्यात या," असं हळूच म्हणाले आणि पँट धुवायला संडासात गेले.

मी काकांना भांडीघरात गाठलं. "एक 'हो' म्हणायला काय तोंड दुखत होतं?"

"एकतीस वर्षं जिने सांभाळलं, तिच्यावर ढकलू?" ते म्हणाले. "रस्सा दे. निवतोय."

तेवढ्यात शहामृगांचा मालक मक्याची पोती घेऊन आला, रूळ मोकळे झाले आणि ड्रायव्हरने गेलेला वेळ भरून काढायला गाडी पिटाळली. वळणांवर वळणं आली. कपाटातल्या बशा खडखडल्या, यजमानांची टोपी उडाली. काका काठोकाठ भरलेलं रश्श्याचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होते आणि पळीतला रस्सा जिथल्या तिथे होता. पाहुण्यांनी काटे खाली ठेवले. बाहेर दरी होती, धबधबे होते. पण बघत सगळे काकांनाच होते.

मी धावत जाऊन संडासाचं दार ठोठावलं. "साहेब, बाहेर या. बघा तरी."

"पँट ओली आहे, बाई."

"ओलीच या हो."

"पाहुण्यांसमोर?"

साहेब स्वयंपाक्याची चौकड्यांची पँट घालून बाहेर आले तेव्हा डोंगर मागे पडला होता. गाडी जॉर्ज गावाच्या सपाटीवर गुमान चालली होती आणि काका रिकाम्या प्लेटा उचलत होते.

"माझं काही बघायचं राहिलं का?" सगळ्यांचे चेहरे पाहून साहेबांनी विचारलं.

आजीबाईंनी तोंड उघडलं. काकांनी त्यांच्याकडे बघून हलकेच नकारार्थी मान हलवली.

"काही नाही साहेब, जेवणं झाली," ते म्हणाले आणि त्यांनी साहेबांची खुर्ची मागे ओढली. "बसा. तुमचं गरम ठेवलंय."